कापसाचं वर्ष आणि शाळेचं वर्ष



आपल्या भिंतीवर कॅलेंडर एकच असतं. त्यावर आपण दुधाच्या खुणा करतो, सिलिंडर कधी लावलं ते लिहितो, चतुर्थी-एकादशी पाहतो. पण त्या एकाच कॅलेंडरावर दोन वर्षं चाललेली असतात. एक कापसाचं आणि एक शाळेचं. दारव्हा तालुक्यातल्या बचत गटांच्या वह्या पाहताना आम्हाला हे वारंवार दिसतं, की ही दोन वर्षं एकमेकांशी जुळत नाहीत. शाळेला पैसे लागतात तेव्हा घरात पैसा नसतो. आणि शाळेला लेकरू पाहिजे असतं, नेमकं तेव्हाच वावरालाही लेकरू पाहिजे असतं. घरातली बरीच ओढाताण इथून सुरू होते, आणि आपण ती कधी नशिबाच्या तर कधी घरधन्याच्या नावावर टाकून मोकळ्या होतो.

आधी पैशाचं वर्ष पाहू. पगारदाराच्या घरी एक तारीख बारा वेळा येते. आपल्याकडे दसऱ्याच्या आसपास सोयाबीन निघतं. तो पैसा कृषी केंद्राची उधारी आणि दिवाळी यांत संपतो. मग वावरात सीतादही करून कापसाची वेचणी सुरू होते. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी हे खरे पैशाचे महिने. जानेवारीत तूर येते. ओलीत असेल त्याचा चणा-गहू मार्चपर्यंत. उलंगवाडी झाली की संपलं. एप्रिलपासून पुढच्या दसऱ्यापर्यंत घरात येते ती फक्त मजुरी, आणि जूनमध्ये तर बियाणं आणि खत घरातलंच ओढून नेतात. पाऊस रुसला आणि दुबार पेरणी आली, तर विचारूच नका.

हे आजचं नाही. आपली शकुंतला रेल्वे यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला धावू लागली ती मुळात कापूस न्यायलाच. गाडी बंद पडली, पण तालुक्याचं देणंघेणं अजून त्याच मोसमावर चालतं.

आता शाळेचं वर्ष. उन्हामुळं विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. म्हणजे अगदी पेरणीच्या तोंडावर. जिल्हा परिषदेच्या शाळेत पुस्तकं मोफत, गणवेश मिळतो, दुपारचं जेवण मिळतं. तरी जून रिकाम्या हातानं जात नाही. एका बैठकीत आम्ही बायांना एकेक खर्च सांगायला लावला आणि फळ्यावर लिहिला. वह्या, दप्तर, चप्पल-बूट, छत्री, कंपास, नववीतल्या पोराची फी, शिकवणीचे आगाऊ पैसे. एक लेकरू पाचवीत आणि एक नववीत असलेल्या घराची बेरीज सहा हजारांच्या आसपास गेली. बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. दरवर्षी हा खर्च होतोच, पण सुटा सुटा होतो म्हणून त्याची बेरीज कोणी करत नाही.

हे सहा हजार जूनमध्ये कुठून येतात, ते वह्यांवरून कळतं. काही जणी गटातून अंतर्गत कर्ज घेतात, शेकडा दोननं. कापसाचा चुकारा डिसेंबरात आला आणि तेव्हा सगळं फेडलं असं धरलं, तर महिन्याचं व्याज 120 रुपये, सहा महिन्यांचं 720. हे व्याज निदान गटातच राहतं आणि वाटणीत परत येतं. काही जणी गावातल्या माणसाकडून शेकडा पाचनं घेतात. महिन्याला 300, सहा महिन्यांचे 1800. हे पैसे परत येत नाहीत. आणि जिनं मागच्या डिसेंबरातच सहा हजार बाजूला टाकले, तिला व्याज शून्य. लेकरं तीच, वह्या त्याच, दुकानही तेच. फरक आहे तो पैसे कधी बाजूला काढले याचा.

तिसरा रस्ता कर्ज देणाऱ्या कंपन्यांचा. घरी येतात, फोटो काढतात, पैसे लवकर देतात. त्यांचा हप्ता मात्र आठवड्याला किंवा महिन्याला ठरलेला असतो, कापूस फुटलेला असो नाहीतर नसो. रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये नियम केला आहे, की अशा घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. नियम चांगला आहे. पण वर्षाचं उत्पन्न बाराने भागून महिन्याचं काढलं, की कागदावर आपलं घर त्यात बसतं आणि ऑगस्टमधल्या डब्यात बसत नाही. म्हणून सही करायच्या आधी एकच पाहा. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या तीन महिन्यांचे हप्ते नुसत्या मजुरीतून निघतात का? निघत नसतील, तर एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज घ्यावं लागतं, आणि मग बाई दर आठवड्याला वसुलीवाल्याच्या गाडीचा आवाज ऐकत बसते.

यावर आमच्याकडच्या काही गटांनी साधा उपाय केला. कापसाचे पैसे आले की नेहमीच्या बचतीशिवाय प्रत्येक बाई शाळेच्या नावानं एक रक्कम गटाच्या खात्यात टाकते. कोणी हजार, कोणी तीन हजार, जिला जेवढं जमेल तेवढं. त्याची वही वेगळी. त्यातून कर्ज द्यायचं नाही, लग्नाला नाही, तेरवीलाही नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात जिचे तिला परत. व्याजाचा लोभ नाही, म्हणून भांडणही नाही. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बचत सांगितली आहे, ती महिन्याची. कापूस पिकवणाऱ्या घराला या जोडीला एक मोसमाची बचतही लागते, असं आमचं मत आहे.

पण इथं एक खरी अडचण आहे, आणि ती बायाच आम्हाला हळू आवाजात सांगतात. चुकारा बाईच्या हातात येतच नाही. सीसीआयला कापूस दिला तर पैसे खात्यात, आणि खातं बहुतेक वेळा ज्याच्या नावावर सातबारा त्याचं. खेडा खरेदीत व्यापारी रोख देतो, तेही घरधन्याच्या हातात. आपल्याला कळतं तेव्हा अर्धे पैसे वाटेला लागलेले असतात. पैसे आल्यावर मागायला गेलं तर भांडण होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून बोलणं आधी करायचं. कापूस गाडीत भरायच्या आदल्या रात्री, घरात कापसाचा ढीग डोळ्यासमोर असताना. तेव्हा माणूसही खुशीत असतो. वही काढायची आणि म्हणायचं, कृषी केंद्राचे इतके, बँकेचे इतके, आणि जूनमधले शाळेचे सहा हजार. शाळेचे पैसे उधारीच्या यादीत लिहायचे, म्हणजे तेही फेडायचं देणंच झालं. ‘उरले तर पाहू’ म्हटलं की ते उरत नाहीत.

मुलगी असेल तर सुकन्या समृद्धीबद्दल बाया विचारतात. 2015 मध्ये ही योजना सुरू झाली. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत पोस्टात किंवा बँकेत खातं काढता येतं, एका घरात साधारण दोन मुलींचं. वर्षाला कमीत कमी 250 रुपये भरावे लागतात. आपल्यासाठी यातली चांगली गोष्ट म्हणजे दर महिन्याचं बंधन नाही. कापूस विकला की वर्षातून एकदाच भरले तरी चालतं. पंधरा वर्षं भरायचं, खातं एकवीस वर्षांनी पूर्ण होतं. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली, की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. पण मधल्या वर्षांत तो पैसा अडकलेला असतो, म्हणून जूनचे सहा हजार त्यात टाकू नका. आणि 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेली मुलगी असेल, रेशन कार्ड पिवळं किंवा केशरी असेल, तर लेक लाडकीचा अर्ज अंगणवाडी सेविकेकडं केला का, ते विचारा. जन्मल्यावर 5000, पहिलीत 6000, सहावीत 7000, अकरावीत 8000 आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर 75,000, असे मिळून 1,01,000 रुपये टप्प्याटप्प्यानं मिळतात.

लाडक्या बहिणीचे 1500 जुलै 2024 पासून सुरू झाले, तेव्हापासून पुष्कळ घरांत किराण्याची उधारी कमी झाली, हे आम्ही वह्यांत पाहिलं. सगळेच बचतीत टाका असं आम्ही म्हणणार नाही, तेलामिठालाही पैसे लागतात. तीनशे बाजूला पडले तरी वर्षाला 3600 होतात, म्हणजे जूनच्या निम्म्याहून जास्त. पण कोणताही सरकारी पैसा खात्यात पडल्यावरच वहीत मांडा. येणार आहे म्हणून कोणाला वायदा करू नका.

आता दुसऱ्या बाजूला येऊ. पैशाची गाठ जूनमध्ये बसते, लेकराची नोव्हेंबरात.

दिवाळीची सुट्टी संपते आणि शाळा सुरू होते, पण कापूस फुटलेला असतो. मजूर मिळत नाहीत. वर्गात पट तीसचा आणि समोर बसलेली अठरा, असं मास्तर सांगतात. आम्ही घरी जाऊन विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं, ‘ताई, दोन दिस शायेत नाई गेली पोरगी, त काय बिघडते?’ दोन दिवसांनी बिघडत नाही, हे खरंच आहे. पण वेचा एक नसतो. पहिला वेचा, दुसरा, तिसरा, फरदड ठेवली तर आणखी पुढं. दोन-दोन दिवस करत जानेवारीपर्यंत वीस-पंचवीस दिवस कसे जातात, ते घरात कोणी मोजत नाही. त्या दिवसांत वर्गात भागाकार झालेला असतो. मग अपूर्णांक येतात, ते भागाकाराशिवाय कळत नाहीत. मग शेकडेवारी. लेकरू म्हणतं मला गणित येत नाही, आणि आपण म्हणतो त्याचं डोकंच नाही.

याचाही हिशेब आम्ही फळ्यावर मांडला. आठवीतली पोरगी, दिवसाला वीस किलो वेचते असं धरलं. वेचाईचा भाव किलोला दहा रुपये धरला. दिवसाचे 200, वीस दिवसांचे 4000. रक्कम लहान नाही, आणि ज्या घराला ती लागते त्या घराला तिची किंमत आम्ही शिकवायची गरज नाही. आता दुसरा आकडा पाहा. आठवीतच एनएमएमएस नावाची शिष्यवृत्तीची परीक्षा असते. महिन्याला 1000 रुपये, नववी ते बारावी चार वर्षं, म्हणजे 48,000. घराचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि लेकरू सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगर परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. सातवीला 55 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना पाच टक्क्यांची सूट आहे. ही परीक्षा डिसेंबरात असते. म्हणजे ऐन वेचणीत! सगळ्यांना मिळत नाही, किती मुलांना द्यायची ते ठरलेलं असतं. पण आपल्या किती मुली अभ्यासाच्या महिन्यातच वावरात असतात आणि परीक्षेला बसतच नाहीत, ते शाळेत जाऊन विचारा. त्यात 2023-24 पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षाही आली आहे. नापास झालं तर पुन्हा एकदा संधी देतात, तेव्हाही राहिलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. पूर्वीसारखं आपोआप वर चढवत नाहीत.

कायद्याचंही सांगून ठेवतो. चौदा वर्षांच्या आतल्या लेकरानं शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी घरच्या वावरात हात लावला, तर चालतं. शाळा बुडवून नाही, आणि दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं तर नाहीच. 2016 च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे. शनिवारी शाळा सकाळची असते, रविवार पूर्ण मोकळा. घरच्या कापसाला तेवढा हात मिळाला तर कोणाची हरकत नाही.

पण खोलात गेल्यावर आम्हाला आणखी एक गोष्ट दिसली. पुष्कळ मुली घरी राहतात त्या कापूस वेचायला नाहीच. त्या राहतात धाकटं लेकरू सांभाळायला. आई सकाळी जाते, काट्यावर वजन झाल्याशिवाय परत येत नाही. अंगणवाडी दुपारीच सुटते. मग दीड वर्षाचा भाऊ कोणापाशी ठेवायचा? नऊ-दहा वर्षांच्या बहिणीपाशी. तिचं नाव गैरहजरांत लागतं. घरात तिनं एक पैसा कमावला असं कोणी म्हणत नाही, आणि आईची मजुरी मात्र तिच्यामुळंच झालेली असते.

2005 च्या रोजगार हमी कायद्यात याची सोय केलेली होती. कामावर सहा वर्षांखालची पाच लेकरं असली, तर त्यांना पाहायला एक बाई नेमायची आणि तिला कामाचीच मजुरी द्यायची. हाच हिशेब गावात करता येतो. एका गावात गटातल्या पाच जणींनी घरी असलेल्या एका आजीला ठरवलं. वेचणीच्या दिवसांत प्रत्येकीनं रोज चाळीस रुपये द्यायचे, आजीला दोनशे. आईनं दिवसाला चाळीस किलो वेचला तर चारशे मिळतात, त्यातले चाळीस गेले. पहिले दोन दिवस कुरकुर झाली, शेजारणीला फुकट जमतं मग पैसे कशाला म्हणून. फुकट ठेवलं की शेजारीण तिसऱ्या दिवशी नाही म्हणते, आणि तिला दोषही देता येत नाही. आजीला मजुरी आहे म्हणून ती रोज दार उघडते. मोठ्या बहिणी शाळेत गेल्या.

लेकराची प्रगती कशी ओळखायची, हेही बाया विचारतात. प्रगतिपुस्तकावर अक्षरं असतात, शेरे असतात, आणि चौथीत शाळा सुटलेल्या आईला वाटतं हे मास्तरांचं काम. 2021 मध्ये निपुण भारत अभियान सुरू झालं. त्यात एवढंच ठरवलं आहे की तिसरी संपेपर्यंत लेकराला वाचलेलं समजावं आणि साधी बेरीज-वजाबाकी यावी. हे पाहायला शिक्षक असावं लागत नाही. किराण्याची चिठ्ठी तिसरीतल्या पोराच्या हातात द्या आणि वाचून दाखव म्हणा. अडखळत का होईना वाचली आणि ‘साखर दोन किलो, म्हणजे मागच्यापेक्षा जास्त आणली’ असं म्हणाला, तर त्याला समजलं. पाठ म्हणाला आणि विचारल्यावर गप्प बसला, तर नाही समजलं. पाचवीतल्या मुलीला पाचशेच्या नोटेतून किती परत यायला हवे ते आधी काढायला सांगा, मग दुकानात पाठवा. सातवी-आठवीतल्याला गटाच्या वहीतलं शेकडा दोनचं व्याज काढू द्या. आमच्या गटांतल्या कितीतरी वह्या आता मुलीच लिहितात. आईला पैसे कुठं गेले ते कळतं, मुलीचा सराव होतो, आणि कुठं अडलं ते त्याच रात्री दिसतं. अडलं तर दुसऱ्या दिवशी शाळेत जा आणि गुरुजींना नेमकं सांगा, ‘हिला हातच्याची वजाबाकी येत नाही.’ ‘अभ्यासात कशी आहे?’ असं विचारलं की ‘बरी आहे’ एवढंच उत्तर मिळतं.

हे करताना एक सांभाळा. दुकानाचा, दुधाचा, वह्यांचा हिशेब लेकरांपुढं मोकळा ठेवा. पण कर्जावरून रात्री होणारी बोलाचाली त्यांच्यासमोर नको. यवतमाळ जिल्ह्यातल्या लेकरांनी आजूबाजूला काय पाहिलं आहे, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. बाप उशिरा घरी आला तरी ती जागी राहतात. ज्या घरात कमावता माणूस गेला आहे, त्या घरच्या आईनं बालसंगोपन योजनेचा अर्ज यवतमाळला जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करावा. लेकरामागं महिन्याला 2250 रुपये आहेत, अठरा वर्षांपर्यंत. कागद जमवायला गटातली एखादी बाई सोबत द्या, एकटीनं ते होत नाही.

ज्यांना वावर नाही, त्या बाया म्हणतील की हे सगळं कास्तकाराच्या घरचं झालं. तुमचं वर्ष उलटं आहे. तुम्हाला वेचणीचे तीन महिने रोज मजुरी आणि पावसाळ्यात निंदण, मध्ये खाडे. एकदम मोठी रक्कम तुमच्या हातात कधी येतच नाही. तुम्ही जूनचे पैसे आठवडी बाजाराच्या दिवशी काढा, बाजाराला निघायच्या आधी. नोव्हेंबर ते जानेवारी असे बारा-तेरा बाजार येतात. दर बाजाराला दोनशे म्हटले तरी अडीच हजार होतात. बाजारातून परत आल्यावर काढू म्हटलं, तर पिशवीत नुसती मिरची आणि खाऊ असतो.

आणि तांड्यावरच्या, गावातल्या ज्या घरांना दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर बाहेर जावं लागतं, त्यांनी आधी दोन गोष्टी विचाराव्या. लेकराला मागं आजीपाशी ठेवता येईल का, आणि त्या वर्षी आपल्या भागात शाळेचं हंगामी वसतिगृह आहे का. नेल्याशिवाय इलाजच नसेल, तर निघायच्या आधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. ते दाखवलं की जाल तिथल्या शाळेत लेकराला बसवून घेतात, दाखला मागत नाहीत. परत याल तेव्हा तेच पत्रक इथं जमा करा, म्हणजे तिकडचे दिवस धरले जातात. पत्रक कपड्यांच्या गाठोड्यात ठेवू नका, आधार कार्डासोबत ठेवा.